प्रभाकरचा आम्ही केलेला सत्कार

शाळेत फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, घरून फोन आहे." आमच्या घरी फोन नाही, तेव्हा 'घरून' म्हणजे यजमानांच्या कंपनीतून, आणि यजमान कामाच्या वेळेत फोन करणाऱ्यांतले नव्हेत. फोनवर ते एवढंच म्हणाले, "प्रभाकर गेला गं." आणि मी विचारलं, "कसा?" कधी, कुठे, जवळ कोण होतं... यातलं काही माझ्या तोंडून आलं नाही. "हार्ट," ते म्हणाले. "सकाळी दूध आणायला गेला होता, रांगेतच खाली बसला." मुख्याध्यापिकांच्या टेबलाला धरून उभी असलेली मी, खरं सांगते, सुटकेचा श्वास टाकला. चाळिशीही न गाठलेला माझा धाकटा दीर गेला होता आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की त्याने स्वतःहून काही केलं नाही. रडू आलं ते नंतर, वर्गात परत जाऊन दप्तरं आवरायला सांगताना.

सात वर्षं मी वेगळ्या फोनला भीत होते. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. दार वाजलं की, पोस्टमन अवेळी आला की, शेजारच्या बाई नुसतं "अहो ऐकलंत का" म्हणाल्या की छातीत धस्स होतं. प्रभाकरला जाऊन आता सहा आठवडे झाले. त्याच्याविषयी लिहायचं तर त्याच्या आजाराविषयी लिहायला हवं, आणि त्याच्या-माझ्यातल्या शेवटच्या बोलण्याविषयीही, कारण ते बोलणं भांडणाचं होतं आणि चूक माझी होती. यजमानांना आणि मुलीला विचारून लिहिते आहे.

मी लग्न होऊन अंधेरीला आले तेव्हा प्रभाकर एकोणीस-वीस वर्षांचा होता. सासरे गिरणीतून निवृत्त होऊन मालवणकडे गावी परतले होते आणि दोन खोल्यांच्या बैठ्या चाळीत हे दोघे भाऊ स्टोव्हवर भात करपवून खात होते. मोठा भाऊ म्हणजे माझे यजमान, मितभाषी, औषधाच्या कंपनीत पॅकिंगला. धाकटा नुसता वळवळ्या. पहिल्याच दिवशी माझ्या हातची आमटी पिऊन म्हणाला, "वयनी, घाटावरची आमटी गोड असते ऐकलं होतं, पण ही तर पक्वान्नात मोडते." मी मूळची साताऱ्याकडची, हे तो मला शेवटपर्यंत विसरू देणार नव्हता. वर्सोव्याच्या रस्त्याला तेव्हा मासळीवाल्यांना बर्फ पुरवणारा एक कारखाना होता, तिथे तो हेल्परपासून चढत ऑपरेटर झाला. भर उन्हाळ्यात गार हात घेऊन घरी यायचा आणि स्वातीच्या, माझ्या मुलीच्या, मानेला मागून लावायचा. ती किंचाळायची, मग स्वतःच मान पुढे करून म्हणायची, "काका, परत." लग्नासाठी मुली दाखवल्या की प्रत्येकीत काही ना काही खोड काढायचा आणि वर म्हणायचा, वयनीला जाऊबाई आणली तर माझी आमटी अर्धी होईल.

त्याचा जोडीदार सायमन. मरोळच्या जुन्या गावठाणातला, घरी मराठीच बोलणारा ख्रिश्चन. आठ वर्षं दोघं एकाच पाळीत होते. गणपतीत सायमन आमच्याकडे जेवायला यायचा आणि नाताळात आम्ही त्याच्याकडे. त्याची बायको फिलू मला डबा भरून द्यायची. कारखान्यात दोघांना एकमेकांच्या हाताची इतकी सवय की बोलावं लागायचं नाही, असं प्रभाकर सांगायचा. एकाने पाना उचलला की दुसऱ्याला कळायचं कोणता नट.

गिरण्यांच्या संपाच्या आदल्या वर्षी, भर दुपारी, कारखान्याच्या मशीनखोलीत अमोनियाच्या पाइपाचा जोड फुटला. बर्फ गोठवायला हा गॅस लागतो आणि तो नाकातोंडात गेला तर माणूस गुदमरून मरतो. त्यांच्या जुन्या मिस्त्रीने शिकवलेले नियम होते. ओलं फडकं नाकातोंडाला गच्च बांधायचं, खाली वाकायचं कारण गॅस वर जातो, वाऱ्याच्या उलट दिशेला पळायचं, आणि शेवटी जो बाहेर पडेल त्याने मशीनखोलीचं लोखंडी दार लावून घ्यायचं, कारण पलीकडच्याच शेडमध्ये बर्फ फोडणाऱ्या बाया बसत. प्रभाकरने हे सगळं केलं. सायमन मागच्या दाराने सुटला असेल असं त्याला वाटलं. मागच्या दारापुढे मिठाच्या गोणी रचून ठेवलेल्या होत्या. शेडमधल्या सगळ्या बाया वाचल्या. सायमन वाचला नाही.

आता आम्ही काय केलं ते सांगते. महिना-दीड महिन्याने आमच्या चाळीच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती, आणि मंडळाने ठरवलं की प्रभाकरचा सत्कार करायचा. इतक्या बायकांचे प्राण वाचवले, आपल्या चाळीचं नाव झालं. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. कुणाला यात वावगं वाटलं नाही. आपल्याकडे माणसाचं चांगलं करायचं म्हणजे त्याला स्टेजवर बसवायचं, ही एकच पद्धत आपल्याला ठाऊक. मानपत्राचा मजकूर माझ्याकडे आला, कारण मी बाई आणि माझं अक्षर चांगलं. मी चार रात्री खपून तो लिहिला. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं. 'क्षणाचाही विलंब न लावता आपण ते दार बंद केलेत आणि अनेक संसार उघडे पडण्यापासून वाचवलेत.' प्रभाकर नको नको म्हणत होता. आम्हाला वाटलं, लाजतोय. माइकवरून मीच मानपत्र वाचलं. त्या वाक्यावर टाळ्या पडल्या आणि मी कागदावरून वर पाहिलं, तर खांद्यावर शाल घेतलेला प्रभाकर समोर कुठेतरी बघत होता आणि त्याचे दोन्ही हात पुढे होते, तळवे पुढे, काहीतरी दाबून धरल्यासारखे. मग तो उठला आणि स्टेजच्या मागून निघून गेला. अध्यक्ष म्हणाले, भावना अनावर झाल्या. मंडळाने मानपत्र काचेत बसवून आमच्या बाहेरच्या खोलीत, त्याच्या खाटेसमोर, स्वतः येऊन लावून दिलं.

त्यानंतर प्रभाकरचं बोलणं आटत गेलं. तो कामावर जाईना. झोप नाही, झोप लागली तर घामाने चिंब होऊन उठायचा. खोलीत दाराकडे तोंड करूनच बसायचा आणि घरातलं कुठलंही दार पूर्ण लावू द्यायचा नाही, मोरीचंही नाही. मी त्यावरून त्याला किती बोलले असेन. चाळीच्या टोकाच्या संडासांपाशी जायची वेळ आली की श्वास कोंडून उलट्या पावली यायचा, कारण तिथला उग्र दर्प. पातेलं पडलं तरी भिंतीला पाठ लावून उभा. आणि आमचे उपाय काय, तर विसर. यजमान म्हणायचे, कामाला लाग, मन रमेल. गावाहून सासऱ्यांनी कळवलं, देवाला गाऱ्हाणं घातलंय. शेजारी म्हणाले, लग्न करून द्या. मी म्हणायचे, अरे, तू इतक्या जणांना वाचवलंस, त्याचा विचार कर ना. मला वाटायचं मी धीर देते आहे. तो मान हलवायचा आणि मानपत्राकडे बघत बसायचा, आणि मला तेही बरंच लक्षण वाटायचं.

पुढच्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या आधी चाळीत कल्हईवाला आला. शाळेला सुटी होती, मीच त्याला अंगणात बसवला, तांब्यापितळेची भांडी काढून दिली. प्रभाकर आतल्या खोलीत पडला होता आणि पाच वर्षांची स्वाती दारात बसून भाता बघत होती. ज्यांनी कल्हई पाहिली आहे त्यांना आठवेल, तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठतो. मी ते लहानपणापासून बघत आले होते. त्या वासात आणि बर्फाच्या कारखान्यातल्या वासात काही नातं असेल हे माझ्या डोक्यात कसं यावं? धूर उंबऱ्याशी आला. मी पाठमोरी, राख झाडत होते. आत घागर आदळल्याचा आवाज झाला, आणि प्रभाकर ओला टॉवेल घेऊन बाहेर आला, त्याने तो स्वातीच्या तोंडाला गुंडाळला, तिला उचललं आणि धूर जात होता त्याच्या उलट दिशेला धावत सुटला.

चाळीमागे मोकळं मैदान होतं. मी पोचले तेव्हा तो तिथे पालथा पडला होता, त्याच्या खाली माझी मुलगी, आणि त्याने ओला टॉवेल दोन्ही हातांनी तिच्या नाकातोंडावर गच्च दाबून धरला होता. तिचे पाय जमिनीवर आपटत होते. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या, त्याचे केस ओढले. तो म्हणत होता, "खाली रव, गॅस वर जाता, खाली रव," शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं. त्याची बोटं माझ्याने सुटेनात. कल्हईवाला धावत आला, आम्ही दोघांनी मिळून एकेक बोट उचकटलं. पाय आपटायचे थांबले होते. टॉवेल सुटला तेव्हा स्वातीचे ओठ जांभळे होते... आणि मग तिला खोकला आला. आयुष्यात मी दुसरा कुठलाही आवाज इतक्या आनंदाने ऐकलेला नाही. मी तिला छातीशी धरून बसले. प्रभाकर उठून बसला, माझ्याकडे बघितलं, पण मला बघितलं नाही, आणि विचारलं, "सायमन भायर इलो?"

यावर कुणी शहाणी बाई काही वेगळं करेल, मी केलं नाही. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता चालता हो. माझ्या घरात पाय ठेवू नकोस." तोवर तो भानावर आला होता. त्याने स्वातीचे ओठ पाहिले. तसाच अनवाणी रस्त्याकडे निघून गेला.

दोन दिवस त्याचा पत्ता नव्हता. यजमानांनी कारखाना, ओळखीचे, स्टेशन, सगळं पालथं घातलं, आणि तिसऱ्या दिवशी पोलीस चौकीत जायला निघणार तोच फिलू आमच्या दारात उभी राहिली. सायमनच्या चाळिसाव्या दिवसानंतर मी तिच्याकडे गेले नव्हते. काय बोलावं कळत नव्हतं म्हणून, आणि सत्काराची लाजही वाटत असावी. ती म्हणाली, "ताई, प्रभाकर आमच्याकडे आहे. काळजी करू नका." तिने सांगितलं की तो वर्षभर दर शुक्रवारी त्यांच्या गावठाणातल्या क्रुसापाशी येऊन बसायचा, तिच्या घराकडे तोंड करून. घरात बोलावलं की उठून जायचा. या वेळी गेला नाही. आणि मग ती म्हणाली, "मलापण झोप नव्हती येत. दाराला कोणी हात लावला की वाटायचं, सांगायलाच आले. आमच्या नर्सबाईंनी मला मोठ्या हॉस्पिटलात नेलं, मनाच्या डॉक्टरकडे. उद्या माझी तारीख आहे. मी त्याला घेऊन जाते. तुम्ही येणार?" जिचा नवरा गेला होता ती हे विचारत होती, आणि मी, शिकलेली बाई, विचारत होते की तिथे नाव लिहावं लागतं का.

लागतं. केसपेपर निघतो, त्यावर विभागाचं नाव असतं, आणि आपण तो घडी घालून पर्सच्या तळाशी ठेवतो. शाळेत मी दिराला पोटाचा अल्सर आहे असं दोन वर्षं सांगत होते. त्या विभागाबाहेर लाकडी बाकं होती, तिथे आम्ही तिघं ओळीने बसायचो. डॉक्टरीणबाई माझ्याहून तरुण होत्या, भराभर बोलायच्या. प्रभाकरला त्यांनी पहिल्या दिवशी फक्त झोपेविषयी विचारलं. मग मला वेगळं बोलावलं. मी विचारलं, हा वेडा झालाय का? त्या म्हणाल्या, "नाही. त्याची भीती अजून संपलेली नाही, एवढंच. आपल्याला काही वाईट झालं की ते हळूहळू मागे पडतं. याच्या डोक्यात ती दुपार अजून चालूच आहे. वास आला की त्याला ती आठवत नाही, तो तिथे असतो." लढाईवरून आलेल्या सैनिकांत, अपघातातून वाचलेल्यांत हे दिसतं, त्यांच्या पुस्तकांत आता त्याला नाव मिळालंय, असंही म्हणाल्या. नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. मला ते नाव ऐकूनच धीर आला, म्हणजे हे आमच्याच घरातलं काही नव्हतं. मी म्हटलं, आम्ही त्याला सारखं सांगतो विसर म्हणून, आणि त्याने किती मोठं काम केलं तेही सांगतो. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही शाबासकी देता ना, तेव्हा त्याला खरं काय झालं ते सांगायला जागाच राहत नाही."

काय झालं ते त्याने सांगितलं, पण तीन महिन्यांनी. पहिल्या तारखेनंतर आम्ही त्याला पुन्हा घरीच आणलं होतं. औषधांनी झोप सुधारली होती, आणि दर आठवड्याला डॉक्टरीणबाई त्याच्याकडून ती दुपार थोडी थोडी बोलून घेत होत्या. एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते, तो समोर येऊन बसला आणि म्हणाला, "वयनी, दार लावल्यावर आतून तीनदा ठोकलं." मी हातातली मेथी खाली ठेवली. शेडमधल्या बाया अजून बाहेर पडत होत्या. त्याने दोन्ही तळव्यांनी दार दाबून धरलं होतं. शेवटची बाई बाहेर पडल्यावर त्याने दार उघडलं, तेव्हा सायमन दाराशीच पडला होता. मी लिहिलं होतं, क्षणाचाही विलंब न लावता. वर्षभर तो ते वाक्य रोज सकाळी डोळे उघडले की वाचत होता. मी उठून खुर्चीवर चढले आणि ते मानपत्र काढलं. काच, चौकट, कागद, सगळं त्याच दिवशी घराबाहेर गेलं.

फिलूला त्याने स्वतः जाऊन सांगितलं. मी नको म्हणत होते, पण त्याने ऐकलं नाही. तिने विचारलं, "किती वेळा ठोकलं?" तो म्हणाला, तीनदा. ती उठून आत गेली. प्रभाकर सांगायचा, त्याला वाटलं आता ती बाहेर येणारच नाही. ती चहा घेऊन आली, दोन कप, आणि शेजारी बसून प्यायली. त्यानंतर त्याचं शुक्रवारी क्रुसापाशी बसणं थांबलं. तो थेट घरात जायचा, तिच्या मुलांचा अभ्यास घ्यायचा.

तो पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. दिवाळीत कानात बोळे घालून बसायचा, आणि काही दिवस असे यायचे की कुणाशी बोलायचा नाही. पण डॉक्टरीणबाईंनी त्याला कल्हईवाल्याच्या भट्टीपासून आधी पन्नास पावलांवर, मग तीसवर, मग दहावर उभं राहायला शिकवलं, आणि तो राहिला. कांदिवलीला एका लाकडाच्या वखारीत नोकरी लागली, तिथेच खोली घेतली. रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि आमटीला पुन्हा नावं ठेवू लागला होता. दोन वर्षांनी माझ्या एका शाळेतल्या मैत्रिणीचा नवरा अपघातानंतर असाच घरात बसला, तेव्हा मी अल्सरचं सोंग टाकलं आणि तिला सगळं सांगितलं. मग आणखी दोघांना. हा आजार आहे, लाजायचं काही नाही, वेळेवर जा... मी यावर छान बोलते, असं लोक म्हणायचे.

एक मात्र होतं. सात वर्षांत मी प्रभाकरला आणि स्वातीला एका खोलीत एकटं ठेवलं नाही. चहा टाकायला उठले तरी तिला हाक मारून सोबत न्यायचे. बोलून दाखवलं नाही कधी. त्याला ते कळत होतं, कारण मी उठले की तोही उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा.

आणि स्वाती बारा वर्षांची झाली. केस वाढवू द्यायची नाही, मानेवर कापून घ्यायची, कारण डोक्यावरून पाणी घ्यायचं म्हटलं की घर डोक्यावर घ्यायची. थंडीतही पांघरूण गळ्याच्या वर नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ससा झाली होती, मुखवटा घालायच्या वेळी स्टेजमागून पळून आली. मी म्हणायचे, नखरे आहेत. वर्गात पन्नास मुलं सांभाळते, मला मुलांचे नखरे कळतात, असा माझा तोरा. तो शेवटचा आला त्या रविवारी जेवणं झाल्यावर प्रभाकर आपला कप धुवायला स्वयंपाकघरात आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वयनी, स्वातीला एकदा डॉक्टरीणबाईंकडे ने. ती श्वास कोंडते. वीज गेली तेव्हा बघितलं मी. मी कोंडायचो तसाच."

माझं डोकं फिरलं. इतर तिघांना मी हेच, ह्याच शब्दांत सांगितलं होतं, आणि माझ्या मुलीचं नाव त्या केसपेपरवर येणार म्हटल्यावर मी त्याच्यावर उलटले. "माझ्या मुलीला काही झालेलं नाही. आणि झालं असलंच, तर कुणामुळे?"

सात वर्षांत मी हे बोलले नव्हते. तो हातातला कप धूत होता, त्याने तो नीट विसळला, उपडा ठेवला. "म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला. आणि चपला घालून गेला. पुढच्या रविवारी मी मुद्दाम माहेरी जाण्याचं निमित्त काढलं. त्यानंतरच्या गुरुवारी शाळेत फोन आला.

त्याला पोचवून सगळे परत आले तेव्हा आमच्यात असते तशी डोक्यावरून आंघोळ. एकेकाला मोरीत पाठवत होते. स्वाती म्हणाली, मी नुसते हातपाय धुते. घर माणसांनी भरलेलं, गावाहून आलेल्या सासूबाई दारात, मी तिला ओढून मोरीत बसवलं आणि तांब्या डोक्यावर ओतला. तिने ओरडायला हवं होतं, ती ओरडली नाही. माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि माझ्याकडे बघितलं, पण मला बघितलं नाही. तिचे पाय मोरीच्या फरशीवर आपटायला लागले. ते डोळे मी मैदानात पाहिले होते, दुसऱ्याच्या तोंडावर. मी तांब्या टाकून तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि तिला म्हणत राहिले, मी आहे, आई आहे, काही नाही तोंडावर, बघ, हात लाव तोंडाला. किती वेळ गेला माहीत नाही. दारातून सासूबाई विचारत होत्या, काय झालं पोरीला. मी म्हटलं, आजारी आहे.

तेरावा झाल्यावरच्या मंगळवारी आम्ही दोघी गेलो. बाकं तीच होती. केसपेपर मी हातातच धरला होता, नाव वर येईल असा. डॉक्टरीणबाईंचे केस थोडे पिकलेत. त्यांना प्रभाकरचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "गेल्याच महिन्यात आले होते. स्वतःसाठी नव्हे. म्हणाले, माझी पुतणी येईल, तिच्याशी सावकाश बोला, तिची आई तापट आहे पण आणेल." मग त्या स्वातीला म्हणाल्या, आई बाहेर बसली तर चालेल? तिने मान हलवली, आणि दार थोडं उघडं ठेवाल का, असं विचारलं. मी बाहेर येऊन बाकावर बसले. आतून बराच वेळ काहीच ऐकू येईना. गेली सात वर्षं तिचा आवाज असा बंद झाला की मी हातातलं टाकून धावत गेले आहे. गुडघ्यांवर दोन्ही हात दाबून ठेवले.

"मला एक काका होते," आत स्वाती म्हणाली. "त्यांचे हात खूप गार असायचे."

मग पुन्हा ती थांबली. मी उठले नाही.